दोन पेले राहिलेत

रविवार, १० मार्च १९९१, अंबरनाथ पूर्व

आज सभा संपल्यावर आप्पांनी मला थांबवून घेतलं. आमची मंडळी सात घरांची. सकाळी चर्चची उपासना झाली की दुपारी आम्ही आमच्या हॉलमध्ये बसतो आणि जुना करार वाचतो. आप्पा, म्हणजे शमसोन चेऊलकर, आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे, अठ्ठ्याहत्तर. जन्माने बेने इस्राएल, मूळ चौलकडचे, नोकरी सगळी इथल्या कारखान्यात. येशू हाच आपल्या लोकांना कबूल केलेला मशीहा, असं तीस वर्षांपूर्वी त्यांच्या मनाने घेतलं. तेव्हापासून ते दोन्हीकडचे आहेत, म्हणजे कुठलेच नाहीत. चर्चमधले त्यांना 'ज्यू आप्पा' म्हणतात आणि नात्यातले त्यांना सणाला बोलवायचं विसरतात.

ते म्हणाले, यंदा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि वल्हांडण एकाच संध्याकाळी येतायत, तर वल्हांडणाचं जेवण, सेदर, माझ्या घरी करू. त्यांच्या पत्नी रिबेकाबाई गेल्यापासून ते एकटेच करतात, आणि तो एकट्याने करायचा सण नव्हे. यंदाचा शेवटचा. आखातातलं युद्ध थांबलं, म्हणून इस्राएलमधल्या मुलाने, हायेमने, त्यांचं चौदा एप्रिलचं तिकीट काढलंय. गेले की परत यायचं नाही.

मी लगेच हो म्हणालो. विचार नंतर केला. माझं नेहमी उलटं असतं, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

रविवार, २४ मार्च

खमीर काढण्याविषयी चर्चा. मिसर देशातून निघताना पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून सणाचे आठ दिवस फुगलेलं काही खायचं नाही आणि घरातही ठेवायचं नाही. आप्पांनी सांगितलं, त्यांची आजी ह्याला 'आनशी ढाकायचा सण' म्हणायची. आंबवणाची बरणी झाकून ठेवायची, एवढंच तिला ठाऊक होतं. खमीर म्हणजे पाप, ते थोडंसं असलं तरी सगळा गोळा फुगवतं, हे आप्पांना पुढे नव्या करारात सापडलं.

सुदाम भालेराव हा आमच्या मंडळीतला. त्याची शहाड स्टेशनबाहेर वडापावची गाडी आहे. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साळवे सर, पावाशिवाय वडा म्हणजे नुसता बटाटा झाला." मग त्याने विचारलं, बेसनात सोडा घालतो, तो चालतो का?

मी बदलापूरच्या रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल बघतो, बी.एस्सी. केमिस्ट्री, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोडा फुगवतो, पण आंबवत नाही. पाप आंबवण्यात आहे की फुगण्यात? मी निर्णय राखून ठेवला. सुदाम म्हणाला, "ठेवा राखून. पण सकाळी तेल तापायच्या आत सांगा."

शुक्रवार, २९ मार्च, उत्तम शुक्रवार

लिहिताना हात थरथरतोय असं लिहायचा मोह होतो, पण थरथरत नाहीये. तरीही जे झालं ते गंभीर आहे.

आप्पांच्या दोन खोल्यांत मुलांसकट आम्ही एकवीस जण मावलो. खाली सतरंज्या, प्रत्येकाला उशी, कारण गुलाम टेकून जेवत नाहीत आणि आपण सुटलेले आहोत. सुदामला टेकून जेवायची सवय नसल्याने खजुराचा लगदा त्याच्या शर्टावर. काळ्या मनुकांचं सरबत, मिठाच्या पाण्यात बुडवलेली कोथिंबीर, कडू म्हणून कडुनिंब, कोकराच्या हाडाची भाजलेली एक नळी. पेले चार घ्यायचे असतात. दोन जेवणाआधी, दोन नंतर.

आप्पांनी ती रात्र सांगितली. कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, आणि मरण ती दारं ओलांडून पुढे गेलं. ते कोकरू म्हणजे मशीहा, हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. सुदामने विचारलं, देवाला रक्त बघायची काय गरज? आत कोण राहतं ते त्याला माहीत नव्हतं?

आप्पा म्हणाले, "खूण देवासाठी नव्हती रे. आत बसलेल्यांसाठी होती. सकाळ होईपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून."

मग बेखमीर भाकरी. तीन भाकरी एकावर एक ठेवतात आणि मधली मोडतात. आप्पा म्हणाले, लहानपणी वडिलांना विचारलं होतं, मधलीच का? वडिलांना सांगता आलं नव्हतं. बाप, पुत्र आणि आत्मा, असं आप्पांचं आताचं उत्तर. मधला मोडला गेला. त्याचा अर्धा तुकडा पांढऱ्या कापडात गुंडाळतात, म्हणजे पुरतात. मग लपवतात, आणि जेवण झाल्यावर शोधून काढतात, म्हणजे तो उठतो. त्या तुकड्याला अफिकोमान म्हणतात. तो सगळ्यांनी थोडाथोडा खाल्ला की जेवण संपतं. त्याशिवाय संपत नाही. हे सगळं दरवर्षी आपले लोक हाताने करतात आणि कुणाचं करतो ते त्यांना माहीत नसतं, असं आप्पा म्हणाले. मला गहिवरून आलं. इतकी नेटकी रचना मी आमच्या कंपनीतही पाहिलेली नाही.

त्यांनी तुकडा आपल्या रुमालात गुंडाळला, आम्हाला डोळे मिटायला सांगितलं आणि लपवला.

जेवण झालं. मुलं शोधायला सुटली. नाही मिळाला. मग मोठी माणसं उठली. नाही. शेवटी सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा म्हणाले, "कुठे ठेवला बुवा?" आणि ओशाळून हसले.

मग ते म्हणाले, नियमात सोय आहे, हरवला तर दुसऱ्या भाकरीचा तुकडा चालतो. त्यांचा हात ताटाकडे गेलासुद्धा.

आणि मी म्हणालो, "आप्पा, थांबा. तो तुकडा मशीहा असेल, तर त्याच्या जागी दुसरा कसा चालेल? थडगं रिकामं दिसलं म्हणून शिष्यांनी गावातला दुसरा कोणी आणून उभा केला नव्हता."

 मला स्वतःलाही वाक्य मोठं वाटलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ताटावरचा हात मागे घेतला.

"श्यामकांत," ते म्हणाले, "हे मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. खरं आहे तुझं." त्यांनी सरबताचं भांडं झाकलं. "मग सेदर चालू आहे."

शनिवार, ३० मार्च

सगळे परत आप्पांकडे. पिठाचा डबा, रेडिओची मागची बाजू, रिबेकाबाईंची ट्रंक, सगळं पाहिलं. आप्पा फार सहकार्य करतात. आम्ही एका बाजूला शोधायला लागलो की आपली उशी काखेत मारून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात, अडचण नको म्हणून.

शेजारचे मोटवानी दाराशी येऊन चौकशी करून गेले. त्यांचं उल्हासनगरात कापडाचं दुकान आहे. त्यांना वाटलं चोरी झाली. भाकरी हरवली म्हटल्यावर बॅटरी घेऊन परत आले.

रविवार, ३१ मार्च, ईस्टर

पहाटेची उपासना. पाळकसाहेब म्हणाले, प्रभू उठला आहे. सगळ्यांनी म्हणायचं असतं, खरोखर उठला आहे. मी ओठ हलवले. आमच्या हिशेबाने तो अजून रुमालात आहे. ही श्रद्धेची उणीव की प्रामाणिकपणा? माझी बायको, करुणा, शेजारीच उभी होती. तिने मोठ्याने म्हटलं आणि मला कोपर मारलं.

दुपारी आप्पांकडे. सापडला नाही. करुणाने सगळ्यांना भाकऱ्या केल्या.

मंगळवार, २ एप्रिल

राखून ठेवलेल्या सरबताला बुडबुडे आले. उकाडा आहे. म्हणजे उरलेले दोन पेले स्वतःच आंबायला लागले. खमीर काढून टाकलेल्या घरात हे घडावं. मी ओतून द्यायला सांगितलं. सुदामने ओतण्याआधी एक घोट घेतला आणि म्हणाला की पाप आहे खरं, पण चव सुधारलीय.

शनिवार, ६ एप्रिल

सणाचे आठ दिवस दिनदर्शिकेप्रमाणे आज संपले. आता पाव खावा की नाही? माझं म्हणणं, जेवणच संपलेलं नाही तर त्या जेवणाचा सण कसा संपेल? पण दिनदर्शिकाही लोकांनी विचार करूनच केलेली असणार. मी आप्पांना निर्णय द्यायला सांगितलं. ते म्हणाले, "तूच दे. मुद्दा तुझा आहे."

मी म्हणालो, संपलेला नाही. म्हणालो तेव्हाच मला वाटलं की हे मी सत्यासाठी म्हणतोय की माझं वाक्य खोटं पडू नये म्हणून?  सातही घरांनी मान डोलावली. ते मला जास्त भयंकर वाटलं.

सुदाम सोड्याशिवाय वडे तळून चपातीत गुंडाळून देतो. का, असं विचारलं तर रांगेतल्या माणसाला मिसरच्या फारो राजापासून सुरुवात करून सगळं सांगतो. लोक वैतागतात, पण नाव पडलंय, 'मिसरवाला'.

आज पाळकसाहेबांनीही बोलावून घेतलं होतं. त्यांनी चहा दिला, मग सौम्यपणे विचारलं, "साळवे, तुमच्याकडे म्हणे अजून शुक्रवारच चालू आहे?"

मी म्हणालो, जेवणापुरता.

मंगळवार, ९ एप्रिल

करुणा आप्पांचे कपडे आपल्याकडे धुवायला आणते, गेल्या आठवड्यापासून. आज इस्त्री करताना म्हणाली, आप्पांचा तो पांढरा रुमाल होता कपड्यांत, नीळ घातली आहे, उद्या परत देईन. मी विचारलं, कुठला पांढरा? ती म्हणाली, रुमालासारखा रुमाल, आणि माझ्याकडे बघून परत इस्त्रीकडे बघायला लागली.

म्हणजे आप्पांकडे तसेच दोन रुमाल असावेत. शोधताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, नाहीतर चुकीचा रुमाल पाहून घोटाळा व्हायचा.

गुरुवार, ११ एप्रिल

आज हायेमचा फोन मोटवानींकडे आला. त्याने मलाच बोलावलं होतं.

तो म्हणाला, "काका, बाबा म्हणतात एक भाकरी हरवलीय म्हणून निघता येत नाही. सेदर अर्धा टाकून घर सोडायचं नसतं म्हणे. हे खरं आहे का?"

मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या खरं आहे.

 मग त्याने विचारलं, बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना? आणि म्हणाला की आई गेली तेव्हा त्याला पोचता आलं नव्हतं, बाबांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाहीये. मी शब्द दिला की तुकडा मी स्वतः शोधून काढीन.  माझ्या एका मुद्द्यामुळे एक मुलगा बापाची वाट बघतोय.

मोटवानी सगळं ऐकत होते. म्हणाले, "साळवे साब, ये तुम्हारा त्योहार तो निकलने का है ना?"

मी म्हणालो, हो. घाईने निघण्याचा. कणीक फुगायलाही सवड मिळाली नाही.

"हमारी भी नहीं फूली," ते म्हणाले. "माझ्या आईने परात तशीच ठेवली, ओट्यावर, भिजवलेली. वर कपडा झाकला. बोली, शाम को आके बना दूँगी. चवदा साल का था मैं. कराचीला जहाजात बसेपर्यंत ती त्या पिठाचंच बोलत होती. पण आमचा कोणी सण नाही केला." मग पंखा बंद करत म्हणाले, "आदमी एक बार निकलता है, साईं. दुसऱ्यांदा कोणी निघ म्हणालं ना, तो आदमी अपनी चप्पल ढूँढता रहता है."

मी त्यांना सांगितलं की वल्हांडणात जोडे पायांत घालूनच जेवायची आज्ञा होती, त्यामुळे चप्पल शोधायचा प्रश्न येत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. का ते कळलं नाही.

रविवार, १४ एप्रिल

विमान आप्पांना न घेता गेलं. हायेमने तिकीट महिनाअखेरीवर ढकललं आहे.

इकडे आप्पांच्या घरी सगळी मंडळी. आता रविवारची सभाही तिथेच भरते, कारण सभेनंतर शोधायचंच असतं. शोधता शोधता सुदामने नळ दुरुस्त केला. करुणाने फळ्यांवर नवे कागद घातले. मोटवानी म्हणाले अंधारात काय दिसणार, आणि मागच्या खोलीत ट्यूब बसवून घेतली. मुलं परीक्षेचा अभ्यास तिथेच करतात, एकेक धडा झाला की उठून एकेक कोपरा बघतात. आप्पा मधोमध उशीला टेकून इब्रीत, म्हणजे हिब्रूत, गातात आणि मुलांना चाली शिकवतात. त्यांचं वजन वाढल्यासारखं वाटतं. एवढ्या ताणात असं होतं का, डॉक्टरांना विचारायला हवं.

मला मात्र घास उतरत नाही.

रविवार, २१ एप्रिल

आठवडाभर विचार करून आज सभेआधी आप्पांना एकटं गाठलं आणि सांगितलं की मी माझा मुद्दा मागे घेतो. माझा अहंकार झाला होता. कापडात गुंडाळलेला तुकडा ही खूण आहे, प्रत्यक्ष मशीहा नव्हे, आणि खुणेच्या जागी दुसरी खूण चालते. आज दुसरा तुकडा घेऊ, दोन पेले पिऊ आणि तुम्ही सुखाने मुलाकडे जा.

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा उतरला.

"असं कसं मागे घेतोस?" ते म्हणाले. "लोक तुझ्या शब्दावर पाव सोडून बसलेत. ही मशीहाची बाब आहे, श्यामकांत. आपल्या सोयीने त्याला बदलायचा?"

मी म्हणालो, पण हायेम?

आप्पा उशी नीट करत बसले. मग म्हणाले, हायेमचं घर छान आहे, तिसरा मजला, खिडकीतून वाळवंट दिसतं. सून चांगली आहे. नातवंडं इब्री बोलतात, फार भरभर. "मला इब्री प्रार्थनेपुरतं येतं. देवाशी बोलता येईल. नातवंडांशी नाही."

मी म्हणालो, शिकाल तुम्ही हळूहळू. ते म्हणाले, हो, शिकेन.

तेवढ्यात मंडळी आली आणि पलंग हलवायला घेतला.

शनिवार, २७ एप्रिल

आज संध्याकाळी शोधायला मी एकटाच होतो. सुदामच्या गाडीवर गर्दी, करुणा माहेरी, शिरगावला. मोटवानींनी हाक मारली, हायेमचा फोन आहे. आप्पा उठले, चप्पल घातली आणि गेले. घाईत उशी सतरंजीवरच राहिली.

मी जागा मोकळी झाली म्हणून सतरंजी उचलायला गेलो, त्यासाठी उशी उचलली. अभ्रा एका बाजूने उसवलेला आणि मोठ्या टाक्यांनी परत शिवलेला होता. हाताला आत काहीतरी कडक लागलं. मी टाके सोडले. पांढरा रुमाल, नीळ घातलेला, करुणाच्या इस्त्रीची घडी.

तुकडा मी ट्यूबखाली नेऊन पाहिला. रंग फिकट, कडा झिजलेल्या, कोपरा तुटलेला. बुरशी नाही, वास नाही, कीड नाही. इतके दिवस या उन्हाळ्यात. आम्ही शिकवतो की मशीहाच्या देहाला कुजणं ठाऊक नव्हतं. मी इतक्या वर्षांत हजारो नमुने पास-नापास केले आहेत. हा पास होता.

आता काय करायचं ते स्पष्ट होतं. उठून मोटवानींकडे जायचं, हायेम फोनवर असतानाच सांगायचं, तुकडा मिळाला. शब्द दिला होता. मंडळींना बोलवायचं, प्रत्येकाला कणभर द्यायचा, तिसरा पेला, चौथा पेला. मग आप्पांनी बॅग भरायची.

मी तुकडा हातात धरून उभा राहिलो. भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज येत होता. मोठ्याने बोलत होते, लांबच्या माणसाशी बोलतात तसे. "शोधतायत रे बाबा. रोज येतात. सगळे येतात."

मी तुकडा पुन्हा रुमालात गुंडाळला, उशीत ठेवला. टाके घालायला सुई कुठे आहे ते आता सगळ्या मंडळींना माहीत आहे. मी शिवलं. माझे टाके त्यांच्याहून बारीक पडले, म्हणून उसवून परत मोठे घातले. उशी होती तशीच सतरंजीवर ठेवली, शिवलेली बाजू खाली. हे सगळं मी का केलं, ह्याची कारणं मी घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा तीन निघाली. तिन्ही तपासली. तिन्ही नापास.

आप्पा परत आले. त्यांची नजर आधी उशीकडे गेली, मग माझ्याकडे.

"मिळालं का रे काही?"

मी म्हणालो, "नाही आप्पा. उद्या सगळे आले की माळा बघू. माळा राहिलाय."

आप्पा सतरंजीवर बसले, उशी पाठीशी घेतली, आणि बराच वेळ विचार केल्यासारखं करून म्हणाले, "हो. माळा राहिलाच."

त्या घराला माळा नाही.